टॅग नसलेली वस्तू

हँगरमध्ये त्यांना सगळे मामा म्हणायचे, आणि त्याला कारण भाची होती. हत्यारांच्या स्टोअरमध्ये ती नोकरीला लागली त्या पहिल्याच दिवशी तिने खिडकीतून मोठ्याने "मामा, तुमचा बिल्ला राहिला" अशी हाक मारली आणि अख्ख्या हँगरने ती उचलली. तिलाही मग कोणी नावाने हाक मारीना. मुख्य अभियंत्यांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांसाठी ती भाची झाली. नातं खरंच होतं. मामा तिच्या आईचे धाकटे भाऊ. घरी ती त्यांना अरे-तुरे करायची, कामावर मात्र अहो-जाहो. दोघांनी तसं कधी ठरवलं नव्हतं.

हँगर लहान होता. दोन पंख्यांची छोटी विमानं तिथे दुरुस्तीला यायची. थोडे प्रवासी आणि टपाल घेऊन जाणारी. मामांचं काम कंट्रोलच्या तारांचं. वैमानिकाच्या हातातल्या दांड्यापासून शेपटीपर्यंत पोटातून ज्या तारा जातात त्यांचा ताण बघायचा, त्या ज्या छोट्या खोबणीदार चाकांवरून, म्हणजे कप्प्यांवरून, फिरतात त्या साफ करायच्या, आणि झाकणं परत लावायची. इतकी वर्षं हे काम करून त्यांच्या बोटांनाच ताण कळतो असं लोक म्हणायचे. मामा ते ऐकून म्हणायचे, बोटांना काही कळत नाही, मीटर लावा.

विमानाच्या दुरुस्तीत एक नियम सगळ्यांत कडक असतो. काम संपलं की प्रत्येक हत्यार परत आलं पाहिजे. एक पेचकस जरी आत राहिला आणि तो तारांमध्ये अडकला, तर वर गेल्यावर काय होईल ते सांगायला कोणी उरत नाही. म्हणून स्टोअरमधल्या प्रत्येक कप्प्यात स्पंज बसवलेला आणि त्यात प्रत्येक हत्याराच्या आकाराचा खड्डा. खड्डा रिकामा म्हणजे हत्यार बाहेर. त्या जागी ज्याने नेलं त्याचा पितळी बिल्ला अडकवायचा. भाचीने "सगळी हत्यारं परत" असं सांगितल्याशिवाय विमान हलत नसे.

मग टॅग आले.

ते लावायला एक बोलका माणूस आला होता. त्याला लगेच टॅगवाला हे नाव पडलं. शर्टाच्या बटणाएवढी काळी टिकली प्रत्येक हत्याराच्या मुठीवर चिकटवायची. स्टोअरच्या दाराला एक चौकट, हँगरच्या बाहेर जायच्या दाराला दुसरी, ती हत्यार बाहेर निघालं की वाजणारी. चौकटीतून रेडिओच्या लहरी निघतात, टिकलीवर आपटतात, टिकली आपला नंबर सांगते, आणि कोण काय घेऊन कधी गेलं हे भाचीच्या पडद्यावर उमटतं. शिवाय एक हातात धरायचं यंत्र. हत्यार जवळ आलं की ते भरभर वाजायचं. कामगारांनी त्याचं पिपाणी असं बारसं करून टाकलं. बिल्ले एका बादलीत गेले.

टॅगवाल्याने सांगितलं होतं की याला एकच अडचण आहे. धातूच्या बंद पेटीत गेलं की टॅग मुका होतो. लहर आत जात नाही, आवाज बाहेर येत नाही. पण हत्यार पेटीत घालून कोण फिरणार, असं तो हसत म्हणाला आणि चहा घेऊन निघून गेला.

पहिले काही आठवडे सगळे खूश होते. मग पडद्यावर विचित्र गोष्टी दिसू लागल्या. एक पक्कड स्टोअरच्या दारातून निघाली आणि संध्याकाळपर्यंत आलीच नाही. भाची पिपाणी घेऊन फिरली, तर पक्कड कपडे बदलायच्या खोलीत, चपलांच्या फळीवर, नीट जोडाला जोड लावून ठेवावी तशी दोन बुटांच्या मध्ये. पुढच्या आठवड्यात फट मोजायचं पातळ पात्यांचं गेज कँटीनमध्ये साखरेच्या बरणीमागे सापडलं. नंतर एक टॉर्च मिळाला, न्हाणीघराच्या खिडकीत, सुरू असलेला.

तिन्ही हत्यारं मामांनी नेलेली होती.

पहिल्या वेळी तिने ते थट्टेवारी नेलं. मामा, बुटांना पक्कड लागते का आता, असं ती म्हणाली. मामा हसले नाहीत. कोणीतरी खोड्या काढतंय, असं म्हणून ते निघून गेले. दुसऱ्या वेळी तिने विचारलंच नाही. तिसऱ्या वेळी टॉर्च विझवला, खिशात घातला आणि तो खड्ड्यात बसवून पडद्यावर "परत" असं नोंदवून टाकलं.

तेव्हापासून तिची ती रीतच झाली. दुपारी सगळे जेवायला बसले की ती पिपाणी घेऊन एक फेरी मारायची. कोणी विचारलं तर बॅटरी तपासतेय म्हणायची. मामांचं जे काही जिथे पडलं असेल ते गोळा करायची आणि जागच्या जागी ठेवायची. आपण हे का करतो, हे तिने स्वतःला फारसं विचारलं नाही. मामांची निवृत्ती जवळ आली होती. एवढे दिवस डोळ्यात तेल घालून बघितलं की निभावून जाईल असं तिला वाटत होतं. हत्यार हरवलं तर यंत्र सांगणार, आणि यंत्र तर तिच्याच हातात होतं.

मग ज्या दिवसाची गोष्ट आहे तो दिवस आला. टपालाचं एक विमान दुसऱ्या दिवशी सकाळी जायचं होतं. मामांनी सकाळी डाव्या इंजिनापाशी एक ब्रॅकेट बसवायला नट आवळायचा छोटा रॅचेट नेला. जेवण झालं. जेवणानंतर लांब पेचकस घेऊन त्यांनी शेपटीचं काम उरकलं, झाकण लावलं, पेचकस परत दिला. रॅचेट काही आला नाही.

भाचीने हळूच नेहमीची फेरी मारली. पिपाणी कुठेच वाजली नाही. चपलांची फळी, कँटीन, न्हाणीघर, अगदी कचऱ्याचे डबे. मग तिला सांगावंच लागलं. मुख्य अभियंत्यांनी, ज्यांना सगळे साहेब म्हणत, काम थांबवलं. मामांना विचारलं तेव्हा ते शांतपणे म्हणाले की रॅचेट फक्त इंजिनापाशी वापरला, दुसरीकडे नेलाच नाही. ते खरंच होतं. इंजिनावरचं आवरण काढलं, सगळ्यांनी टॉर्च मारून बघितलं, आरसे घालून बघितलं. काही नाही. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं आणि सांगितलं की सकाळी पुन्हा इंजिन उघडू, रॅचेट मिळाला की विमान सोडू. बाहेरच्या दाराच्या चौकटीने काही पकडलं नव्हतं, त्यामुळे रॅचेट आतच आहे याबद्दल कोणालाच शंका नव्हती.

संध्याकाळी भाची घरी पोचली नाही तोच मामीचा फोन आला. मामी फोनवर कधी लांबण लावत नाही. जमलं तर येऊन जा, एवढंच ती म्हणाली.

मामांचं घर दोन गल्ल्या सोडून, तिसऱ्या मजल्यावर. मामा बाहेरच्या खोलीत टीव्हीसमोर बसले होते. भाचीला बघून त्यांनी हात वर केला आणि पुन्हा बातम्यांत डोकं घातलं. मामी तिला आत घेऊन गेली. ओट्यावर मामांचा जेवणाचा स्टीलचा डबा उघडा होता, आणि शेजारी पुसून ठेवलेला रॅचेट.

"डबा घासायला काढला तर आत हे," मामी म्हणाली. "हे तुमच्याकडचंच ना?"

भाचीने मान हलवली. टॅगवाल्याचं बोलणं तिला आठवलं. धातूचा डबा, घट्ट झाकण. मामा चौकटीखालून गेले तेव्हा टॅग मुका होता.

मामी ओट्याला टेकून उभी राहिली आणि बाहेर ऐकू जाणार नाही अशा आवाजात सांगू लागली. घरातही हे गेल्या वर्षापासून चाललं होतं. किल्ल्या फ्रीजमध्ये. दूध कपाटात. एकदा ते बाजारातून परत येताना खालच्याच मजल्यावर दार वाजवत बसले आणि शेजाऱ्यांनी उघडलं तर त्यांनाच विचारलं, तुम्ही आमच्या घरात काय करताय. मामीने ते हसण्यावारी नेलं होतं. डॉक्टरचं नाव काढलं की ते दोन दिवस जेवत नसत. मग तिने तोंड मिटून घेतलं. बोलताना मामीने एकदाही डोळ्यांना पदर लावला नाही. ती फक्त ओट्यावरचं तेच तेच पाणी फडक्याने पुसत होती.

भाचीने रॅचेट हातात घेतला. जीव भांड्यात पडावा तसं तिला झालं होतं, हे खरं. सकाळी लवकर जायचं, रॅचेट इंजिनाखाली कुठेतरी सापडला म्हणायचं. पडद्यावर सगळी हत्यारं परत. विमान वेळेवर. तिने तो पिशवीत टाकलाही.

"आणि चमचा कुठे टाकून आले देव जाणे," मामी डबा उचलत म्हणाली. "रोज डब्यात चमचा असतो. आज नाही."

भाची जागच्या जागी थांबली.

ती बाहेर जाऊन मामांच्या शेजारी बसली. मामा, जेवल्यावर चमचा कुठे ठेवलास, असं तिने अगदी साधं विचारलं. मामांनी तिच्याकडे बघितलं, मग स्वतःच्या शर्टाच्या खिशावर हात ठेवला, खिसा चाचपला, आणि हात तसाच तिथे राहिला. कुठला चमचा, असं ते म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते तिने आधी कधी पाहिलं नव्हतं. ते घाबरले होते.

जेवणानंतर मामांनी एकच काम केलं होतं, शेपटीचं. तिथे ते आत वाकून, जवळजवळ कमरेपर्यंत आत शिरून काम करतात. आणि चमच्याला टॅग नव्हता. तो कुठल्याही खड्ड्यातून निघाला नव्हता आणि कुठल्याही खड्ड्यात परत येणार नव्हता. पडदा त्याच्याबद्दल कधीच काही सांगणार नव्हता.

रॅचेट गुपचूप ठेवून दिला तर विमान सकाळी जाणार होतं.

जिना उतरतानाच तिने साहेबांना फोन लावला. रॅचेट मिळाला पण विमान सोडू नका, शेपटी उघडावी लागेल, असं तिने सांगितलं. का, ते सकाळी सांगते म्हणाली. साहेबांनी दोनदा विचारलं. तिने दोन्ही वेळा तेच उत्तर दिलं. शेवटी ते म्हणाले, ठीक आहे.

सकाळी शेपटीचं झाकण उघडलं तेव्हा साहेब, भाची आणि एक मेकॅनिक एवढेच होते. मामा अजून यायचे होते. मेकॅनिकने टॉर्च आत घातला. मग त्याने हात लांब करून चमचा बाहेर काढला. तारेच्या कप्पीला अगदी खेटून पडला होता, असं तो म्हणाला. वैमानिकाने आपला दांडा मागे ओढला असता तर काही झालं नसतं. तो पुढे ढकलला असता तर चमचा तारेखाली सरकला असता आणि कप्पी जाम झाली असती.

साहेबांनी चमचा हातात घेतला, उलटा केला, परत सुलटा केला. झाकण लावण्याआधी दुसऱ्या कोणीतरी आत बघून सही करायची असा नियम आहे. त्या झाकणावर दुसरी सही साहेबांचीच होती. मामांचं काम म्हणजे बघायची गरज काय, म्हणून ते नेहमी टॉर्चचा एक झोत मारायचे आणि सही करायचे. ते तिथेच एका लाकडी ठोकळ्यावर बसले.

मामा आल्यावर त्यांना केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर रॅचेट होता आणि चमचा होता. भाची दाराजवळ उभी होती. साहेबांनी काही विचारायच्या आत मामाच बोलले.

"रॅचेट मी नेला, साहेब. घरी नळाचं काम होतं. डब्यात घातला की चौकट वाजत नाही हे मला माहीत होतं. चोरी केली असं लिहा."

साहेब भाचीकडे बघू लागले. मामा सरळ उभे होते, हात मागे, एखाद्या शाळकरी पोरासारखे. रॅचेट डब्यात सापडल्याचं मामीने त्यांना सांगितलं असणार आणि नळाचं काम त्यांनी रात्रीत रचलं होतं, हे तिला कळत होतं. त्या छोट्या रॅचेटने नळाचं कुठलंच काम होत नाही. साहेबांनाही ते कळत होतं. पण साहेब मान हलवत होते, कारण चोरीची नोंद करणं सोपं होतं. मामांना निवृत्तीच्या आधी घरी पाठवता आलं असतं, आणि चमच्याबद्दल, त्या सहीबद्दल फार खोलात जावं लागलं नसतं.

"हे खरं नाही," भाची म्हणाली. मग तिने सगळं सांगितलं. पक्कड, गेज, टॉर्च, त्यानंतरचं बाकीचं. रोज दुपारी पिपाणी घेऊन मारलेल्या फेऱ्या. पडद्यावर तिने स्वतः केलेल्या नोंदी. सांगताना ती साहेबांकडे बघत होती, मामांकडे तिला बघवत नव्हतं. कधीपासून, असं साहेबांनी विचारलं. टॅग लागल्यापासून, ती म्हणाली, त्याच्या आधीचं कोणाला माहीत.

 मामा तिच्याकडे वळले.

"तुला माहीत होतं?"

"हो."

"आणि मला नाही सांगितलंस. माझ्या मागे मागे फिरून उचलत होतीस. लहान पोराच्या मागे उचलतात तसं."

ती टेबलावरच्या रॅचेटकडे बघत राहिली.

"चोर म्हणाले असते तर चाललं असतं गं," मामा म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "चोराशी लोक निदान भांडतात."

त्यांनी टेबलावरचा चमचा उचलून खिशात घातला आणि बाहेर पडले. कपडे बदलून, कोणाशी न बोलता, चौकटीखालून गेले. चौकट वाजली नाही.

पुढचं सगळं रीतसर झालं. डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि जे सगळ्यांना कळलं होतं त्याला एक लांबलचक नाव दिलं. हँगरने मामांना आजारपणाच्या रजेवर ठेवलं आणि रजेतूनच निवृत्त केलं. चोरीचा विषय कोणी काढला नाही. साहेबांनी वरच्यांना लिहून कळवलं की दुसरी सही न बघता केलेली होती. त्यांना काही महिने सह्या करायला बंदी झाली. भाचीलाही लेखी ताकीद मिळाली आणि पडद्यावरचं काम दुसऱ्याकडे गेलं. ती खिडकीत बसून हत्यारं देत-घेत राहिली. साहेबांनी एकदा जाता जाता तिला म्हटलं की तू आधीच सांगायला हवं होतंस. ती हो म्हणाली. तुम्हीही आत बघायला हवं होतं, हे ती म्हणाली नाही, आणि साहेबही थोडा वेळ ते ऐकायची वाट बघत असल्यासारखे उभे राहिले.

टॅगवाला नंतर एकदा येऊन गेला. बाहेरच्या दाराशी आता डबे उघडून दाखवायचे असा नियम झाला. कोणी कुरकुर केली नाही. विमानाजवळ जाण्याआधी प्रत्येकाने खिसे रिकामे करायचे, हा नियम आधीपासूनच भिंतीवर लिहिलेला होता. तो पुन्हा रंगवला.

मामा तिच्याशी बोलेनासे झाले. ती सुट्टीच्या दिवशी जायची, मामीला भाजी आणून द्यायची, औषधांच्या पट्ट्या नीट लावून द्यायची. मामा तिचा आवाज ऐकला की उठून आतल्या खोलीत जायचे आणि दार लोटून घ्यायचे. मामी म्हणायची, बोलतील गं, तू मनावर घेऊ नकोस. भाची म्हणायची, मी नाही घेत. दोघी मग दाराकडे न बघता चहा प्यायच्या. बाकी पुष्कळ गोष्टी ते विसरत होते. जेवलो की नाही, आज वार कोणता, मामीची आई जिवंत आहे की नाही. पण भाचीवरचा राग काही केल्या विसरत नव्हते. मामीला त्यात थोडं बरंच वाटायचं. अजून काहीतरी धरून आहेत, असं ती म्हणायची.

असे कितीतरी महिने गेले.

मग एका सुट्टीच्या सकाळी भाचीने बेल वाजवली तर दार मामांनीच उघडलं. दाढी केलेली होती, हातात पेचकस होता, चेहरा प्रसन्न.

"अगं, किती दिवसांनी," ते म्हणाले. "मामाची आठवण येते की नाही? हँगरमध्ये सगळे ठीक ना?"

भाची उंबऱ्यातच उभी राहिली. मामांच्या मागे मामी आली होती. तिने फडकं तोंडाशी धरलं होतं आणि ती जोरजोरात मान हलवत होती, काही बोलू नकोस म्हणून. मामा उत्तराची वाट बघत होते. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता, आणि राग गिळून टाकल्यावर जे उरतं तेही नव्हतं. तिने नीट बघितलं. काहीच नव्हतं. तिला माफ केलं होतं की ते सगळं त्यांच्यातून निघून गेलं होतं, हे आता कोणाला विचारायची सोय राहिली नव्हती.

"सगळे ठीक आहेत," ती म्हणाली. "तुझी आठवण काढतात."

"काढणारच," मामा म्हणाले. "ये आत. खिडकीची कडी निखळलीय, मी केव्हाचा झगडतोय. झडप धर जरा."

तिने पिशवी खाली ठेवली आणि खिडकीची झडप दोन्ही हातांनी धरून उभी राहिली. मामांनी स्क्रू जागेवर टेकवला, पेचकस लावला आणि हळूहळू फिरवू लागले. स्क्रू सरळ आत गेला.